रॉकेटला भांडवल मिळेल, गिऱ्हाईक कोण?

गेल्या आठवड्यात ओपीडीत एक आजोबा आले होते. बीपीच्या गोळ्या संपून दहा दिवस झाले होते. सोबत नातू होता, पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. अंतराळ क्षेत्रातल्या नव्या कंपन्यांसाठी केंद्र सरकारने काढलेल्या १००० कोटींच्या निधीबद्दल त्याने मोबाइलवर वाचले होते आणि रांगेत बसल्या बसल्या आजोबांना सांगितले होते. मी दंडाला पट्टा गुंडाळत असतानाच आजोबा म्हणाले, “डॉक्टर, रॉकेट उडवणाऱ्यांना सरकार बिनतारणाचं पैसं देतंय म्हणं. आन् आमच्या उसाचं बिल?” बीपी १६० वर ९६ भरले. उसाच्या बिलामुळे की चुकलेल्या गोळ्यांमुळे, हे काही यंत्र सांगत नाही. मी खापर गोळ्यांवर फोडले.

नातवाचा प्रश्न वेगळा होता. त्याला अशाच एखाद्या कंपनीत नोकरी करायची आहे. “सर, पैसा तर मिळतोय. मग या कंपन्या टिकतील ना?” त्याला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. बाहेर साठ माणसांची रांग होती. हा स्तंभ आरोग्य-विज्ञानाचा असला तरी आज तेच उत्तर लिहितो. मते माझी आहेत, खात्याची नाहीत.

भांडवल उभारण्याचे दोन मार्ग टेंभुर्णी परिसरात सगळ्यांना तोंडपाठ आहेत. पहिला बँकेचा. सातबारा, घर किंवा दागिने तारण ठेवा, कर्ज घ्या, हप्ते फेडा. दुसरा सहकारी कारखान्याचा. शेतकऱ्याने शेअर घ्यायचे, सरकारने भागभांडवल घालायचे आणि कारखाना उभा करायचा. प्रवरानगरचा कारखाना १९५० साली सुरू झाला तेव्हापासून ही रीत चालत आली आहे. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. पीक कोणते आणि ते घेणार कोण, हे पैसे देणाऱ्याला आधीपासून माहीत असते.

जोखीम भांडवल, म्हणजे व्हेंचर कॅपिटल, हा तिसरा मार्ग. ज्याच्याकडे तारण नाही, विक्री नाही आणि पुष्कळदा विकायची वस्तूसुद्धा अजून तयार नाही, त्याला हे पैसे मिळतात. हे कर्ज नसते, त्यामुळे हप्ता नसतो. पैसे देणारा कंपनीत हिस्सा घेतो. अशा अनेक कंपन्यांत पैसे घालताना त्यातल्या बहुतेक बुडणार हे त्याने धरलेलेच असते. एखादी इतकी वर जाईल की बाकीच्यांचे नुकसान भरून निघेल, यावर त्याचा सगळा हिशेब उभा असतो. कंपनी बुडाली तर हिस्साही बुडतो, वसुलीला कोणी दारात येत नाही.

आम्हा डॉक्टरांना हा हिशेब परका वाटू नये. माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा औषधांपैकी साधारण एकच शेवटी बाजारात येते. शिवाय या व्यवसायाच्या मुळाशीही एक दवाखाना आहे. १९४६ साली अमेरिकेत बोस्टनला जॉर्ज डोरिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट’ ही संस्था काढली. आजच्या व्हेंचर कॅपिटलची ती आद्य संस्था मानली जाते. तिने अगदी सुरुवातीला ज्यांना पैसे दिले त्यांत ‘हाय व्होल्टेज इंजिनिअरिंग’ ही कंपनी होती. कॅन्सरवरील उपचारासाठी शक्तिशाली क्ष-किरण देणारी यंत्रे तिला बनवायची होती. त्यात गुंतवले २ लाख डॉलर. पुढे १९५७ मध्ये याच संस्थेने ‘डिजिटल इक्विपमेंट’ या संगणक कंपनीत ७० हजार डॉलर घातले. त्यातून इतके कोट्यवधी डॉलर आले की संस्थेचे नाव आजही त्याच एका सौद्यासाठी घेतले जाते.

आता आपल्याकडचे पाहू. २०२० पर्यंत अंतराळ म्हणजे इस्रो, एवढेच समीकरण होते. त्या वर्षी जूनमध्ये ‘इन-स्पेस’ या संस्थेची घोषणा झाली आणि खासगी कंपन्यांना दार उघडले. हैदराबादच्या ‘स्कायरूट’चे ‘विक्रम-एस’ १८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाले. ते ८९.५ किलोमीटर उंचीवर गेले. ३० मे २०२४ रोजी चेन्नईच्या ‘अग्निकुल’ने थ्री-डी प्रिंटरवर छापलेल्या इंजिनावर आपले छोटे रॉकेट उडवले. दोन्ही उड्डाणे चाचणीची होती, उपग्रह कक्षेत सोडण्याची नव्हती. तरी त्यांनी गुंतवणूकदारांचा धीर वाढवला. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १००० कोटींच्या निधीला मान्यता दिली. पैसे पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने गुंतवायचे, सुमारे ४० कंपन्यांना द्यायचे, एकेकीला साधारण १० ते ६० कोटी, आणि बदल्यात हिस्सा घ्यायचा, अशी ही योजना आहे.

म्हणजे आजोबांचे ‘बिनतारणाचं’ बरोबर आहे, पण ते फुकटचे नाही. कंपनी वर गेली तर सरकारचा हिस्साही वर जाईल. आणि वर्षाला सरासरी २०० कोटी ही रक्कम देशाच्या हिशेबात इतकी लहान आहे की ती रॉकेटला न देता दवाखान्यांना दिली असती तरी माझ्या ओपीडीची रांग कमी झाली नसती. सरकारी नोकरीत माझे केस पांढरे झाले, तेव्हा हे मी खात्रीने सांगू शकतो. माझी भीती दुसरीच आहे. दहा कंपन्या निवडल्या आणि सहा बुडाल्या तर खासगी गुंतवणूकदार म्हणेल, ठीक आहे. सरकारी फायलीत मात्र त्या सहा कंपन्यांचे सहा ऑडिट पॅरे होतील. दोन हातमोज्यांच्या खोक्यांचा मेळ लागला नाही म्हणून खुलासे लिहिलेला माणूस आहे मी. पॅऱ्याची भीती असलेला अधिकारी सगळ्यात सुरक्षित कंपनी निवडणार, आणि सगळ्यात सुरक्षित कंपनी म्हणजे जिला हे पैसे नसते तरी चालले असते ती. निधीचा हिशेब एकेका कंपनीवर न मागता दहा वर्षांनी सगळ्या ४० कंपन्यांचा एकत्र मागायचा, हे आधीच लिहून ठेवले पाहिजे.

पण निधी अगदी नीट वाटला गेला तरी नातवाच्या प्रश्नाचे उत्तर अर्धेच मिळते. उरलेले अर्धे आपल्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. पुण्याच्या रस्त्याने इंदापूर गाठायचे आणि डावीकडे वालचंदनगरला वळायचे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी वसवलेले हे गाव साखरेसाठी प्रसिद्ध होते. तिथल्या वालचंदनगर इंडस्ट्रीज या कंपनीत सत्तरच्या दशकापासून इस्रोच्या रॉकेट मोटरची आवरणे बनतात. एसएलव्ही-३ पासून हे काम सुरू झाले. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन जे रॉकेट उडाले त्याच्या दोन्ही बाजूंच्या बूस्टरचे भाग इथलेच. साधारण ३.२ मीटर व्यासाचे पोलादी नळकांडे, आत घन इंधन जळत असताना फुटता कामा नये, जोडाला केसाएवढी फट चालणार नाही. साखर कारखान्यांची यंत्रे बनवणाऱ्या माणसांनी हे कसब कमावले.

त्यासाठी कोणी व्हेंचर कॅपिटल दिले नव्हते. इस्रोने ऑर्डर दिली, माल तपासला, नाकारला, पुन्हा बनवून घेतला, पैसे दिले आणि पुढची ऑर्डर दिली. असे पन्नास वर्षे चालले. भांडवल मालकाचे होते. ते अडकवून ठेवायचा धीर आला तो समोर ठाम गिऱ्हाईक उभे होते म्हणून.

अमेरिकेतही निराळे घडले नाही. एलॉन मस्क यांच्या स्पेसएक्सची पहिली तीन रॉकेट फसली, तिसरे ऑगस्ट २००८ मध्ये. चौथे २८ सप्टेंबरला कक्षेत पोचले. त्या काळात खासगी गुंतवणूकदारांनी कंपनीला हात दिला हे खरेच. पण त्याच डिसेंबरमध्ये नासाने अंतराळ स्थानकावर सामान पोचवायच्या १२ फेऱ्यांचे १६० कोटी डॉलरचे कंत्राट दिले आणि कंपनी तरली. उलट उदाहरण व्हर्जिन ऑर्बिटचे. मागे अब्जाधीश, शेअर बाजारात नोंदणी, विमानाखालून रॉकेट सोडायचे तंत्रही चाललेले. जानेवारी २०२३ मध्ये एक उड्डाण फसले आणि एप्रिलमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. एका अपयशापुरताही दम टिकेल इतक्या ऑर्डर हाताशी नव्हत्या.

आरोग्य खात्यातल्या माणसाला हे लगेच पटेल. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका रुग्णालयात होतो. तिथे रक्त तपासायचे एक उत्तम यंत्र आले. उद्घाटन झाले, फोटो झाले. यंत्राला पैसे होते, पण त्यात दर महिन्याला घालायच्या रसायनांची तरतूद कुणीच केली नव्हती. तीन महिन्यांत त्यावर चादर पडली. रुग्ण पुन्हा बाहेरच्या लॅबमध्ये जाऊ लागले. एकरकमी पैसे देणे सोपे असते, कारण त्याची फीत कापता येते. दरमहा खरेदी करत राहण्याला फीत नसते.

याउलट पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट आठवा. कोविशील्ड चालेल की नाही हे ठरण्याआधीच त्यांनी डोस बनवायला घेतले. ती मोठी जोखीम होती. पण जानेवारी २०२१ मध्ये परवानगी मिळताच केंद्राने पहिली १ कोटी १० लाख डोसची ऑर्डर दिली, डोसला २०० रुपये आणि वर कर. घेणारा आहे हे ठाऊक होते म्हणून बनवणाऱ्याने जोखीम घेतली. त्यातले डोस आमच्या शीतपेटीपर्यंतही आले.

मुंबईत ‘मनस्तु स्पेस’ नावाची कंपनी आहे. आयआयटी मुंबईतून निघाली, स्थापना २०१७ ची. तिचे काम सांगतो, कारण ते दोन औषधांतून समजते. अंतराळात उपग्रहाला दिशा द्यायला जे इंधन वर्षानुवर्षे वापरतात ते हायड्राझिन भयंकर विषारी आहे. यकृत खराब करते, झटके आणते. आपल्या टीबीच्या रुग्णाला रोज दिली जाणारी आयसोनियाझिडची गोळी याच रासायनिक घराण्यातली आहे. म्हणूनच तिच्यासोबत आम्ही बी-६ देतो, आणि हायड्राझिनच्या विषबाधेतही तेच जीवनसत्त्व उतारा म्हणून वापरतात. मनस्तुने याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेले इंधन घेतले. आपल्या ड्रेसिंगच्या खोलीत जखमेवर टाकले की फेसाळते ते, पण कितीतरी तीव्र. भरणाऱ्याला अंतराळवीरासारखा पोशाख घालावा लागत नाही. ३० डिसेंबर २०२४ च्या पीएसएलव्ही उड्डाणात इस्रोने त्यांचे यंत्र अंतराळात चाचणीसाठी नेले. खासगी गुंतवणूकदारांनी पैसे घातले आहेत, आणि डीआरडीओच्या तंत्रज्ञान विकास निधीतून कामही मिळाले आहे. माझ्या मते या दोनपैकी दुसरे जास्त मोलाचे. गुंतवणूकदार कंपनीचे भविष्य विकत घेतो. डीआरडीओला वस्तू हवी असते.

आता घरचे बोलू. मार्च उजाडला की उजनीचे पाणी हिरवे पडते. पुणे-पिंपरीचे सांडपाणी भीमेतून येऊन इथे साठते. ऊन वाढते, शेवाळ माजते. सोलापूर शहरासह कितीतरी गावे हे पाणी पितात. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती यकृताला घातक विष सोडतात, आणि पाणी उकळून ते जात नाही. अशा शेवाळात फायकोसायनिन नावाचे रंगद्रव्य असते, ते ६२० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषते. साध्या उपग्रह-चित्रात सगळे हिरवे एकच दिसते. प्रकाशाच्या शंभराहून अधिक छटा वेगळ्या करणारा कॅमेरा मात्र साधे शेवाळ कुठे आणि हे कुठे ते दाखवू शकतो. विष किती आहे हे तो सांगणार नाही. त्यासाठी बाटलीत नमुना घ्यावाच लागेल. पण एवढ्या अवाढव्य जलाशयात नाव नेमकी कुठे न्यायची, ते कळेल.

असे कॅमेरे परदेशातून आणायची गरज नाही. बंगळूरच्या ‘पिक्सेल’ कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये असे तीन उपग्रह सोडले. गूगलसारख्यांचे पैसे तिच्यात आहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिच्या नेतृत्वाखालच्या गटाची पृथ्वी-निरीक्षणाच्या १२ उपग्रहांसाठी निवड झाली. १२०० कोटींची गुंतवणूक हा गट स्वतः करणार आहे, सरकारकडून पैसे न मागता. हे अभिमानाचे आहेच. पण बाराशे कोटी घालणारा ते वसूलही करणार. खाणकंपन्या, तेलकंपन्या, परदेशी शेती-उद्योग, लष्करे पैसे मोजतील. मग कॅमेरा त्यांच्या जमिनीवर रोखलेला असेल. उपग्रह आपल्या डोक्यावरून जाईल तेव्हा उजनीचे चित्र घेण्याचे कारण त्याला कोणीतरी द्यावे लागेल. माढ्यातला शेतकरी ते विकत घेणार नाही, मी प्रिस्क्रिप्शनवर लिहून देऊ शकत नाही.

ते घ्यायचे जलसंपदा, आरोग्य आणि सोलापूर महापालिका यांनी मिळून. फेब्रुवारी ते जून, पंधरा दिवसांतून एकदा, तीन वर्षांचा करार, आणि प्रत्येक चित्राबरोबर पाण्याचे नमुने. निकाल जाहीर करायचे, शाळेच्या फळ्यावर लिहिता येतील असे. तीन वर्षांत चित्र आणि नमुना जुळले नाहीत तर करार थांबवायचा. यात निविदेची कटकट आहे, मला ठाऊक आहे. पहिल्याच बैठकीत ‘हे कोणत्या लेखाशीर्षात बसवायचे?’ असे विचारले जाईल. तो प्रश्न सुटला तर नातवाच्या कंपनीला पहिले गिऱ्हाईक मिळेल.

आजोबांना पंधरा दिवसांनी बोलावले आहे. उसाच्या बिलाचे माझ्याकडे उत्तर नाही. गोळ्या या वेळी महिन्याच्या दिल्या आहेत.