मास्तरांचे पोरपण

शिक्षक या व्यक्तिरेखेवर कथात्म साहित्याने आणि चित्रपटाने जितके प्रेम केले, तितकाच तिच्यावर अन्यायही केला आहे. जेम्स हिल्टनच्या १९३४ सालच्या कादंबरीतले मिस्टर चिप्स घ्या, १९६७ च्या 'टू सर, विथ लव्ह'मधला सिडनी पॉइटिए घ्या किंवा १९८९ च्या 'डेड पोएट्स सोसायटी'तला रॉबिन विल्यम्स घ्या. हे सारे शिक्षक वर्गात येतात ते तारणहार म्हणूनच. आपल्याकडे पु. ल. देशपांड्यांच्या चितळे मास्तरांनी अशीच एक अढळ जागा पटकावलेली आहे. या सर्व कलाकृतींमध्ये एक गोष्ट समान आहे. शिक्षक नेहमी विद्यार्थ्याच्या डोळ्यांतून, तेही बहुधा मोठ्या झालेल्या विद्यार्थ्याच्या स्मरणातून पाहिला जातो. स्मरण कृतज्ञ असते, म्हणून शिक्षक थोर होतो. आणि माणूस एकदा थोर झाला की त्याच्या पगाराची, कंटाळ्याची वा वासनांची चौकशी कोणी करत नाही.

या पार्श्वभूमीवर ब्रिटनच्या चॅनल फोर वाहिनीवर २००१ ते २००४ या काळात प्रसारित झालेली 'टीचर्स' ही मालिका मला महत्त्वाची वाटते. टिम लोन यांची ही निर्मिती चार पर्वे चालली. ब्रिस्टल शहरात चित्रित झालेल्या या मालिकेतील शाळा समरडाउन नावाची, सर्वसामान्य सरकारी माध्यमिक शाळा आहे. केंद्रस्थानी आहे सायमन केसी हा इंग्रजीचा नवखा शिक्षक. ही भूमिका करणारा अँड्र्यू लिंकन पुढे 'द वॉकिंग डेड' या अमेरिकन मालिकेमुळे जगभर ओळखला गेला. सायमनचे मित्र म्हणजे व्यायामशिक्षक ब्रायन आणि संगणक शिकवणारा कर्ट. मानसशास्त्र शिकवणारी सूझन ही या टोळक्यातली त्यातल्या त्यात शहाणी बाई. मुख्याध्यापिका क्लेअर हंटर आणि कार्यालयातील लिझ या दोघींचा धाक विद्यार्थ्यांपेक्षा शिक्षकांनाच अधिक. कथानक म्हणावे असे फारसे काही नाही. ही माणसे उशिरा येतात, आडोशाला उभे राहून सिगारेट ओढतात, एकमेकांची उणीदुणी काढतात, संध्याकाळी पबमध्ये बसतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उशिरा येतात.

वरवर पाहता ही उथळ करमणूक आहे आणि तसा आक्षेप घेणेही सोपे आहे. परंतु मालिकेने केलेली मूलभूत उलटापालट लक्षात घेतली पाहिजे. इथे कॅमेरा बाकावरून फळ्याकडे पाहत नाही. तो स्टाफरूममधून वर्गाकडे, आणि तेही काहीशा नाखुशीने, पाहतो. त्याबरोबर शिक्षकाची थोरवी गळून पडते आणि खाली उरतो तो एक नोकरदार तरुण. लपून सिगारेट ओढणे, मुख्याध्यापिका दिसताच सटकणे, दिलेले काम वेळेवर न करणे, ही सारी विद्यार्थ्यांची लक्षणे शिक्षकांच्या अंगी दाखवून मालिका हसू मिळवते. पण या हशाच्या तळाशी एक खिन्न निरीक्षण आहे. विद्यार्थी दरवर्षी एक इयत्ता पुढे जातो आणि शिक्षक मात्र त्याच वर्गात राहतो. ज्याने शाळा सोडलीच नाही, त्याने मोठे व्हायचे तरी कसे? सायमनचा पोरकटपणा हा केवळ त्याचा स्वभावदोष नाही. तो त्याच्या पेशाने त्याला देऊ केलेला एक सापळाही आहे.

हे निरीक्षण मालिकेच्या घाटातही मुरलेले आहे. प्रत्येक दिवसाची सुरुवात वाराच्या नावाने होते. पण ते नाव पडद्यावर छापून येत नाही, तर दृश्यातल्याच एखाद्या वस्तूवर लिहिलेले आढळते. सोमवार, मंगळवार, बुधवार असे वार येत राहतात आणि तारखा जवळजवळ येतच नाहीत. ज्यांनी वेळापत्रकावर आयुष्य काढले आहे त्यांना या युक्तीचे मर्म सांगायला नको. शाळेचा काळ रेषेसारखा पुढे सरकत नाही, तो रहाटासारखा फिरतो. त्यातच अधूनमधून शाळेच्या आवारात एखादे गाढव नाहीतर मेंढी निर्विकारपणे हिंडताना दिसते आणि कोणीही त्याची दखल घेत नाही. हा विक्षिप्तपणा मला निव्वळ गमतीचा वाटत नाही. रोज पाहून पाहून माणसाची नजर इतकी बोथट होते की अद्भुतही त्याला हजेरीपटाइतकेच सामान्य वाटू लागते, असे काहीतरी ही दृश्ये सुचवतात.

मालिकेचा काळही ध्यानात घेण्याजोगा आहे. १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने इंग्लंडमध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रम आला. १९९२ साली शाळांची तपासणी करणारी 'ऑफस्टेड' ही यंत्रणा स्थापन झाली आणि निकालांनुसार शाळांच्या तुलनात्मक याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या. शिक्षकाच्या कामाचे मोजमाप सुरू झाले. दुसरीकडे शिक्षक मिळेनासे झाले. त्यांना आकर्षित करण्यासाठी १९९७ मध्ये, चांगल्या शिक्षकाचा कोणालाच विसर पडत नाही अशा आशयाची सरकारी जाहिरात मोहीम निघाली. पुढे बर्नार्ड शॉच्या शिक्षकांविषयीच्या कुप्रसिद्ध सुभाषिताला उलटे करून घडवलेले घोषवाक्य आले. २००० पासून पदव्युत्तर शिक्षक-प्रशिक्षण घेणाऱ्यांना सहा हजार पौंडांचे विद्यावेतनही देण्यात येऊ लागले. शासन एका हाताने शिक्षकाला मोजत होते आणि दुसऱ्या हाताने त्याची आरती ओवाळत होते. नेमक्या याच वेळी सायमन केसी हातातली सिगारेट विझवत पडद्यावर आला. जाहिरातीतला अविस्मरणीय शिक्षक आणि तपासनिसाच्या तक्त्यातला मोजण्याजोगा शिक्षक, या दोघांनाही त्याने सारखाच ठेंगा दाखवला. या मालिकेच्या विनोदाची खरी धार मला इथे दिसते.

आता मराठी वाचकाला सायमन पाहताना चांगदेव पाटील आठवल्याशिवाय राहणार नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या 'बिढार' (१९७५), 'हूल' (१९७५), 'जरीला' (१९७७) आणि 'झूल' (१९७९) या चार कादंबऱ्यांचा हा नायकही इंग्रजीचाच तरुण शिक्षक आहे. तोही अविवाहित, तोही मित्रांच्या घोळक्यात रमणारा, तोही आपल्या पेशाकडे तिरकस नजरेने पाहणारा. तरुण अध्यापकाच्या आयुष्याचे इतके विस्तृत, इतके निर्भीड आणि इतके विनोदी चित्रण मराठीत दुसरे नाही. गुरुपदाचे सोवळे नेमाड्यांनी 'टीचर्स'च्या पाव शतक आधीच फेडून ठेवले होते, हे आपण अभिमानाने सांगू शकतो.

मात्र साम्याइतकाच भेदही बोलका आहे. सायमन एकाच शाळेत राहून कंटाळतो. चांगदेव एका गावातून दुसऱ्या गावात, एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात फिरत राहतो. सायमनच्या शाळेत सत्ता म्हणजे मुख्याध्यापिका, आणि तिच्यामागे कुठेतरी दूर असलेले शासन. चांगदेवच्या जगात सत्ता ही संस्थाचालकांची, जातींची, गटातटांची, गावच्या राजकारणाची. सायमनला वैताग येतो. चांगदेवला मुक्काम हलवावा लागतो. त्यामुळे एकाचा विनोद खोडकर होतो, तर दुसऱ्याचा उपहासाच्या अंगाने जात जात कडवट होतो. हा केवळ दोन लेखकांच्या प्रकृतीतला फरक नाही. ज्या खुर्चीवर बसून विनोद केला जातो ती खुर्ची किती पक्की आहे, हाही प्रश्न त्यात आहे.

माझा मुख्य मुद्दा हाच आहे. 'टीचर्स'मधला बेजबाबदारपणा आपल्याला लोभस वाटतो, कारण त्याची किंमत फारशी मोठी नाही हे आपल्याला आतून ठाऊक असते. शिक्षकांचा तुटवडा असलेल्या देशात नवखा शिक्षकही पोरकटपणा करू शकतो. तो पोरकटपणा म्हणजे एक प्रकारची सुरक्षितता असते. आपल्याकडे परिस्थिती नेमकी उलट आहे. नेट-सेट उत्तीर्ण, पुष्कळदा पीएच.डी. झालेले तरुण महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात. जितके तास घेतले तितकेच पैसे. सुटीचे नाहीत, वह्या तपासल्याचे नाहीत, वर्गाची तयारी करताना जागवलेल्या रात्रीचे तर नाहीतच. पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही, हे त्यांना ठाऊक नसते. असा माणूस स्टाफरूममध्ये मोठ्याने हसतसुद्धा नाही. तो कोपऱ्यात बसतो, किंवा पुढच्या महाविद्यालयातला तास गाठण्यासाठी एस.टी.च्या थांब्यावर उभा असतो. त्याच्यावर सायमनच्या धर्तीची मालिका काढता येईल का? काढली तर तिच्यातला विनोद कोणाच्या अंगावर जाईल?

आमच्यासारख्या कायम नेमणुकीच्या, चाळिशी ओलांडलेल्या प्राध्यापकांनी या प्रश्नाला सामोरे जाणे आवश्यक आहे. हल्लीचे तरुण शिक्षक तळमळीने शिकवत नाहीत, अशी तक्रार आपण सहज करतो, आणि ती करताना चितळे मास्तरांचे नाव घेतो. ज्याला तासांवर मोजले जाते त्याच्याकडून आयुष्याच्या मापाची निष्ठा मागणे, हा थोरवीच्या मिथकाचा दुरुपयोग आहे. आदर्श शिक्षकाची प्रतिमा इथे प्रेरणा उरत नाही. ती कमी पैशांत काम करून घेण्याची सोय बनते. 'टीचर्स'सारखी मालिका ती प्रतिमा हसत हसत फोडते, म्हणून ती मला नैतिक अर्थाने गंभीर वाटते.

अर्थात मालिकेच्या मर्यादांकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही. तिची नजर बव्हंशी पुरुषी आहे. इंग्रजीच शिकवणारी, कामाच्या बाबतीत चोख असणारी जेनी आरंभी सायमनच्या वाटेतला अडसर म्हणून उभी राहते. तिच्या चोखपणाची किंमत मालिका पुरेशी जाणत नाही. सूझनच्या वाट्याला समजूतदारपणा येतो आणि पोरपणाचा आनंद पुरुषांच्या वाट्याला. लिंकनने दुसऱ्या पर्वानंतर नायकपद सोडले. तिसऱ्या पर्वात त्याने काही भागांचे दिग्दर्शन केले. चौथ्या पर्वाच्या आरंभी तर ब्रायन आणि कर्ट अपघातात दगावल्याचे कळते आणि नवी पात्रे त्यांच्या जागा घेतात. माणसे बदलली तरी वेळापत्रक चालूच राहते, हा शाळेचा क्रूर नियम मालिकेलाही लागू झाला म्हणायचा. २००६ मध्ये एनबीसीने काढलेली तिची अमेरिकन आवृत्ती तर अल्पायुषीच ठरली.

याहून गंभीर उणीव आणखी एक आहे आणि ती साहित्याच्या शिक्षकाला विशेष खुपते. सायमन इंग्रजी साहित्य शिकवतो. पण एखादी संहिता वर्गात उघडली जाते, तिच्यावर चर्चा होते आणि त्या चर्चेतून कोणाच्या तरी डोक्यात काहीतरी हलते, असे क्षण मालिकेत विरळाच. वर्गातली दृश्ये येतात ती बहुधा पात्राच्या खासगी पेचाचा आरसा म्हणून. तारणहाराच्या चित्रपटांत शिकवण्याचे रूपांतर चमत्कारात होते; इथे ते निमित्तमात्र ठरते. दोन्हीकडे प्रत्यक्ष अध्यापन, म्हणजे एक ओळ समजावून सांगताना होणारी धडपड, चुकलेला प्रश्न, शेवटच्या बाकावरून आलेले अनपेक्षित उत्तर, हे अदृश्यच राहते. चांगदेवच्या कादंबऱ्यांतही वर्गापेक्षा वर्गाबाहेरचे जग कितीतरी अधिक जागा व्यापते. शिकवणे ही दाखवण्यास इतकी अवघड क्रिया का असावी? ती हळू असते, तिचे फळ उशिरा येते आणि ते पाहायला शिक्षक बहुधा हजर नसतो, हे तिचे एक कारण असावे.

२०२१ मध्ये सुरू झालेली 'अ‍ॅबट एलिमेंटरी' ही फिलाडेल्फियातील सरकारी शाळेवरची विनोदी मालिका या दृष्टीने एक पाऊल पुढे जाते. तिथले शिक्षक हास्यास्पदही आहेत आणि कामावर प्रेम करणारेही. अपुऱ्या साधनांशी त्यांचे रोजचे झगडणे हाच विनोदाचा विषय होतो. थोरवी न लादता आस्था दाखवता येते, हे तिने सिद्ध केले. तरीही 'टीचर्स'चे ऋण मान्य केले पाहिजे. शिक्षकाला आधी देव्हाऱ्यातून खाली उतरवल्याखेरीज त्याच्याकडे माणूस म्हणून पाहता येत नाही, आणि ते काम तिने बेधडक केले.

मराठीत आज असे लेखन कोणी करायचे ठरवले तर त्याने स्टाफरूममधल्या खुर्च्या आधी मोजाव्यात. कोणाच्या खुर्चीला नाव आहे, कोणाच्या नाही, कोणाला बसायलाच वेळ नाही, हे टिपले की पुढचा विनोद आपोआप खरा होईल. तो कदाचित सायमनच्या विनोदाइतका हलकाफुलका नसेल. पण तासाची घंटा वाजल्यावर खडू उचलून वर्गाकडे निघालेल्या, आणि महिनाअखेर त्या तासांची बेरीज करत बसणाऱ्या माणसाला त्यात आपला चेहरा दिसेल. तो चेहरा अजून आपल्या साहित्यात पुरेसा आलेला नाही.