पियानोवादकाने बोलावे काय?

कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकर वाद आपण वर्गात इतक्यांदा शिकवला आहे की त्याची धार आता उत्तरपत्रिकेपुरतीच उरली आहे. वाद संपला असे मात्र नव्हे. २०२० साली जर्मनीत तो पुन्हा पेटला आणि त्याच्या केंद्रस्थानी इगोर लेविट हा पियानोवादक होता.

लेविटचा जन्म १९८७ साली रशियातील गॉर्की (आताचे निझनी नोव्हगोरोद) येथला. १९९५ मध्ये हे ज्यू कुटुंब जर्मनीत हानोफरला आले. २००५ साली तेल अवीवच्या रुबिनस्टाइन स्पर्धेत त्याने दुसरे पारितोषिक मिळवले. पण खरे धाडस २०१३ मध्ये दिसले. नवखा वादक बोटांची चपळाई दाखवणाऱ्या रचना निवडतो. याने पहिल्याच ध्वनिमुद्रणासाठी बेटोफेनचे शेवटचे पाच सोनाटे घेतले. ज्यांच्यापाशी वादक पिकल्या वयात जातो, त्यांच्यापासून याने आरंभ केला.

मार्च २०२० मध्ये सभागृहे बंद झाली तेव्हा लेविट बर्लिनमधील आपल्या घरून, ट्विटरवरून, रोज संध्याकाळी वाजवू लागला. अशा पन्नासहून अधिक मैफली झाल्या. ध्वनी यथातथाच, पायात अनेकदा बूटही नाहीत. मग ३० मे रोजी त्याने एरिक सातीची ‘व्हेक्सेशन्स’ वाजवली. जेमतेम पानभराची ही रचना ८४० वेळा वाजवण्याविषयीची सूचना संगीतकाराने लिहून ठेवली आहे. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केजने तिचा प्रयोग केला तेव्हा अनेक वादक पाळीपाळीने बसले होते. लेविट एकटा बसला, पंधरा तासांहून अधिक काळ. वाजवून झालेली पाने विकून पैसा बेकार झालेल्या कलावंतांसाठी उभारायचा होता.

येथे समाजकार्य कोठे संपते आणि वादन कोठे सुरू होते? मला ती रेघ ओढता येत नाही. कामाविना गेलेल्या दिवसांचे एकसुरीपण त्या पुनरावृत्तीतच होते. मदतनिधीचे आवाहन वेगळे करण्याची गरजच नव्हती.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘झ्युडडॉइच त्सायटुंग’ या मोठ्या दैनिकात त्याच्यावर एक जळजळीत लेख आला. त्याच्या वादनातील स्वरसांधणीची उणीव आणि उजव्या अतिरेक्यांविरुद्धचे त्याचे लेखन, दोहोंचा समाचार समीक्षकाने एकाच दमात घेतला. ज्या माणसाला वर्षभरापूर्वी ज्यूद्वेष्ट्यांकडून ठार मारण्याची धमकी आली होती, त्याच्याविषयी हे लिहिले गेले. गदारोळ उठला आणि संपादकांना दिलगिरी व्यक्त करावी लागली.

लेविटचे सूर तुटक वाटतात असे म्हणण्याचा समीक्षकाला पूर्ण अधिकार आहे. तो गेला तर समीक्षा म्हणजे प्रसिद्धिपत्रक होईल. आक्षेप निराळा आहे. बाहेर बोलतो म्हणून वादन उणे, हे अनुमान त्याने कानांनी काढलेले नव्हते. मात्र लेविटचे काही चाहतेही हाच तर्क उलटा करून चालवतात. भूमिका चांगली, म्हणून सोनाटा थोर! आपल्याकडे कवीच्या चळवळीतील सहभागावरून त्याच्या कवितेला गुण देण्याची किंवा कापण्याची रीत पाहता, जर्मनांना हसण्याचे कारण नाही.

त्या डिसेंबरात महामार्गासाठी तोडल्या जाणाऱ्या हेसेमधील डान्नेनरोड जंगलात जाऊन त्याने आंदोलकांसाठी वाजवले. थंडीत, उघड्यावर, ते वादन सांगीतिकदृष्ट्या फारसे उंचीचे झाले असेल असे मला वाटत नाही, आणि तसे म्हटल्याने तेथे जाण्याचे मोल कमी होत नाही. ‘व्हेक्सेशन्स’ची गोष्ट वेगळी. एप्रिल २०२५ मध्ये लंडनला मरीना अब्रामोविच यांच्या सहयोगाने त्याने ती पुन्हा सादर केली, रीतसर रंगमंचीय मांडणी करून. माझा कौल मात्र २०२०च्या त्या रिकाम्या स्टुडिओलाच आहे. तेथे ऐकणारेही आपापल्या घरांत तितकेच अडकलेले होते.