इंग्रजीचा सराव घरी कोण घेणार?



सहामाही परीक्षा जवळ आली की पालकांचे एक ठरलेले वाक्य कानी पडते. "आम्हाला इंग्रजी येत नाही, मग पोरांचा अभ्यास घेणार कोण?" गणिताबद्दल एवढी हाय कोणी खात नाही. इंग्रजी म्हटले की मात्र आई चुलीकडे वळते, वडील चप्पल घालून बाहेर पडतात आणि मूल गाइड पाठ करू लागते. राज्यातील सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झाले. त्याआधी मराठी माध्यमात ते पाचवीला सुरू होई. म्हणजे आमच्या पिढीपेक्षा आजच्या मुलाला चार वर्षे जास्त मिळतात. तरीही दहावीच्या मुलाला 'टेन्स', 'व्हॉइस', 'सिमिली', 'मेटाफर' ही नावे तोंडपाठ असतात आणि इंग्रजीतले एक साधे पत्र मात्र वाचता येत नाही. नाव येते, काम येत नाही.

गेल्या वर्षी आमच्या वस्तीत घडलेली गोष्ट सांगतो. बारावी झालेल्या एका मुलीच्या फोनवर कॉलेजचा निरोप आला. त्यात लिहिले होते, 'युअर प्रोव्हिजनल अॅडमिशन विल बी कॅन्सल्ड अनलेस द ओरिजिनल सर्टिफिकेट इज सबमिटेड विदिन सेव्हन डेज.' घरच्यांना त्यातला 'कॅन्सल्ड' तेवढा ओळखीचा. प्रवेश गेला, असे धरून घर पाच दिवस सुतकात बसले. सहाव्या दिवशी ती समाजमंदिरातल्या आमच्या संध्याकाळच्या वर्गात आली. मी तिला एवढेच म्हटले, "बाळ, यातले 'अनलेस' काढ आणि 'इफ नॉट' घालून वाक्य पुन्हा लिही." तिने अर्ध्या मिनिटात लिहिले. परीक्षेत असल्या प्रश्नाला तिला पूर्ण गुण मिळाले होते! लिहिता लिहिताच तिच्या लक्षात आले की सात दिवसांत मूळ दाखला दिला नाही, तरच प्रवेश रद्द होणार आहे. आणि 'प्रोव्हिजनल' म्हणजे तात्पुरता. म्हणजे प्रवेश अजून हातात आहे. दुसऱ्या दिवशी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, ती दाखला घेऊन कॉलेजच्या खिडकीवर उभी होती. प्रवेश राहिला.

दोन गुणांसाठी शिकवलेले 'अनलेस' आणि तीन वर्षांचे शिक्षण ज्यावर टांगलेले ते 'अनलेस' एकच आहे, हे तिला वर्गात कोणी दाखवलेच नव्हते. शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. एका वर्गात साठ साठ मुले, त्यात अभ्यासक्रम पुरा करायचा. सराव घरीच व्हायला हवा. तो घ्यायला इंग्रजी यावेच लागते असे नाही, हे मला आज सांगायचे आहे.

कर्मणी प्रयोगाचेच घ्या. इंग्रजीत त्याला 'पॅसिव्ह व्हॉइस' म्हणतात. मुले त्याला विंचवासारखी घाबरतात. मी कारकून माणूस, दिवसभर हाच प्रयोग खरडत असतो. 'आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे.' 'आपणांस कळविण्यात येते की.' रेशन दुकानाच्या पाटीपासून तहसीलच्या नोटिशीपर्यंत ही भाषा आपण जन्मभर वाचत आलो आहोत. यात करणारा कुठे आहे? अर्ज नामंजूर झाला, पण केला कोणी? इंग्रजीत 'युअर अॅप्लिकेशन हॅज बीन रिजेक्टेड' लिहिले की 'बाय' आणि त्यापुढचे नाव गाळता येते. व्याकरणाला ते चालते, कचेरीला तर फारच सोयीचे. म्हणून मुलाने असे वाक्य मोठ्याने वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगितला की अक्षरओळख नसलेल्या आईनेही एवढेच विचारावे, "कोणी केलं?" मुलाने उत्तर शोधावे. सापडले तर त्यापासून सरळ वाक्य करावे. नाही सापडले, तर नाव गाळले आहे हे त्याला कळलेच. कळलेल्या मुलाला पुढे खिडकीवरच्या साहेबांना 'हा निर्णय कोणाच्या सहीने झाला?' असे विचारता येते.

काळाच्या बाबतीतही आईचे दोन प्रश्न पुरतात, "कधी केलं? अजून चालू आहे का?" आमची मुले हमखास म्हणतात, 'आय अॅम लिव्हिंग हिअर फ्रॉम टू इयर्स.' ही चूक मूर्खपणाची नाही, ती मराठीची आहे. आपण 'दोन वर्षांपासून राहतो' म्हणतो, 'पासून'ला मूल 'फ्रॉम' लावते. इंग्रजीत काळ किती लांबीचा ते सांगायला 'फॉर' आणि सुरुवात केव्हाची ते सांगायला 'सिन्स'. 'आय हॅव लिव्ड हिअर फॉर टू इयर्स.' 'सिन्स 2023.' तसेच 'मला दोन भाऊ आहेत' यातल्या 'आहेत'मुळे मूल 'आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणते. हवे असते नुसते 'आय हॅव'. चुकीचे मूळ आपल्या बोलण्यात सापडले की मूल हसते आणि सहसा ती चूक पुन्हा करत नाही. छडीने हे होत नाही, मी पाहिले आहे.

'अ' आणि 'अॅन' यांचा घोळ तर कानाने सुटतो. पुस्तकात लिहिलेले असते की ए, ई, आय, ओ, यू या स्वरांपूर्वी 'अॅन'. मूल अक्षर बघते आणि फसते. बघायचे नाही, ऐकायचे. 'आवर'मध्ये एच लिहितात, पण बोलत नाहीत, म्हणून 'अॅन आवर'. 'युनिव्हर्सिटी' लिहिताना यू, पण ऐकू येते 'य', म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'एम.ए.'चा उच्चार 'ए'ने सुरू होतो, म्हणून 'अॅन एम.ए.' यमकाचेही तसेच. कवितेच्या रसग्रहणात यमकरचना लिहावी लागते, आणि मुले ती शेवटच्या अक्षरांवरून ठरवतात. 'लव्ह' आणि 'मूव्ह' यांची शेपटी कागदावर सारखी, कानाला नाही. 'ब्लू' आणि 'थ्रू' कागदावर वेगळे, कानाला जुळतात. मुलाने ओळीचे शेवटचे शब्द तेवढे मोठ्याने म्हणावेत आणि आजीने जुळतात की नाही ते सांगावे. जात्यावर ओव्या गायलेल्या बाईचा कान याबाबतीत भल्याभल्यांपेक्षा तयार असतो.

अलंकारांच्या नावांनी मुलांची सर्वांत जास्त गाळण उडते. गंमत म्हणजे सकाळी मराठीच्या तासाला तेच मूल उपमा, रूपक, अनुप्रास, चेतनगुणोक्ती शिकून आलेले असते. दुपारी इंग्रजीच्या तासाला 'सिमिली', 'मेटाफर', 'अलिटरेशन', 'पर्सोनिफिकेशन' ही चार नवी भुते भेटतात. चौघे एकाच घरचे, हे दोन्ही वह्या शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. 'पोरगी वाऱ्यासारखी पळाली' ही उपमा. 'हा म्हणजे वाघच' हे रूपक. 'भिंतीला कान असतात' ही चेतनगुणोक्ती. 'काकूने केली काकडीची कोशिंबीर' हा अनुप्रास. किणकिण, सळसळ, खळखळ असे आवाजावरून आलेले शब्द इंग्रजीत 'ऑनोमॅटोपिया'त मोडतात. नाव उच्चारताना दात पडतील, वस्तू मात्र घरचीच. आमच्या वर्गात मुलांनी दर शनिवारी घरात ऐकलेली पाच वाक्ये आणायची, प्रत्येकाला मराठी व इंग्रजी दोन्ही नावे द्यायची आणि कारण सांगायचे, असा रिवाज आहे. सर्वांत चांगली वाक्ये भाजीच्या गाडीवरून आणि नळावरच्या भांडणातून येतात.

कारण सांगायलाच हवे, नाहीतर 'लाइक' दिसले की 'सिमिली' असे मुले ठोकून देतात. 'आय लाइक मँगोज' यात कसली उपमा? तिथे 'लाइक' म्हणजे आवडणे. 'अॅज'चेही तसेच. 'ही वर्क्स अॅज अ क्लार्क' म्हणजे तो कारकूनच आहे. 'ही वर्क्स लाइक अ क्लार्क' म्हणजे तो दुसराच कोणी, पण काम कारकुनासारखे करतो. हे उदाहरण मी माझ्यावरच देतो, मुले खूश होतात.

शब्दसंग्रहासाठी रोज वीस शब्द पाठ करायला लावणाऱ्यांशी माझे जमत नाही. एक शब्द घ्यावा आणि त्याचे सगळे कुटुंब बोलवावे. 'एम्प्लॉय'पासून 'एम्प्लॉयमेंट', 'अनएम्प्लॉयड', 'एम्प्लॉयर', 'एम्प्लॉयी'. शेवटच्या दोघांत फरक एका अक्षराचा, पण एक पगार देतो आणि दुसरा घेतो. नोकरीच्या फॉर्मवर दोघांचे रकाने वेगळे असतात. 'अन' हा आपल्या बेरोजगारमधला 'बे' किंवा गैरहजरमधला 'गैर' समजावा.

मोठ्या मुलांसाठी माझा आवडता शब्द 'अॅनिहिलेशन'. बाबासाहेबांनी 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी लिहिलेले आणि होऊ न शकलेले ते इंग्रजी भाषण 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावाने प्रसिद्ध झाले. त्या शब्दाच्या पोटात लॅटिन 'निहिल' आहे. निहिल म्हणजे काहीच नाही. आपण मराठीत जातिनिर्मूलन म्हणतो, त्यात मूळ उपटण्याचे चित्र आहे, म्हणजे झाडाचे रूपक. इंग्रजी शब्दात झाड नाही. तिथे काही शिल्लकच ठेवायचे नाही. दोन्हींतला फरक काय, जोर कशात जास्त, यावर आमच्या अकरावीच्या मुलांनी पाऊण तास वाद घातला. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी खंडांतल्या पहिल्याच खंडात हे लेखन आहे. वाद घालणाऱ्यांपैकी दोघांनी तो खंड नंतर वाचायला मागून नेला.

फोन भाषांतर करून देतोच की, असे काही जण म्हणतात. देतो, आणि वापरावाही. आधी मुलाने आपले वाक्य वहीत लिहावे, मग फोनचे बघावे आणि कुठे वेगळे पडले ते शोधावे. क्रम उलटा झाला की सराव फोनचा होतो.

वेळ फार लागत नाही. रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे, टी.व्ही. बंद. मुलाने वाचावे, मराठीत सांगावे, घरातल्यांनी विचारावे.

पुढील अंकी अर्जलेखनाविषयी. आपल्या घरी आलेली इंग्रजी पत्रे किंवा नोटिसा असतील, तर नाव-पत्ता खोडून त्यांच्या झेरॉक्स संपादकांकडे पाठवाव्यात. त्याच समोर ठेवून लिहीन.