कागद आधी, पैसे नंतर

दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या कॅम्पच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घरांच्या जाहिराती सुरू होतात. पनवेल, कर्जत, बदलापूर, टिटवाळा, चिपळूण, नाशिक. स्विमिंग पूलचा फोटो, शेजारी कमळाचं तळं, खाली लिहिलेलं असतं, ‘गल्फमधल्या बांधवांसाठी खास ऑफर, फक्त आठ फ्लॅट शिल्लक’. सोनापूर असो की अल कूझ, शारजाची सज्जा असो की अबुधाबीचा मुसफ्फा, एका रूममध्ये सहा-आठ जण राहणाऱ्या माणसाला तो फोटो बघून काय वाटतं ते वेगळं सांगायला नको. आपण आलो त्यातले बहुतेक जण घरासाठीच आलो. कुणाला गावचं कौलारू घर पक्कं करायचंय, कुणाला मुलांच्या शाळेसाठी शहरात वन रूम किचन घ्यायचंय.

या ब्लॉगवर आपण पगार, ओव्हरटाइम, मेडिकल, पासपोर्ट यांवर लिहितो. घराचा विषय इथे कशाला, असं कुणी विचारेल. उत्तर सोपं आहे. कामगाराचा पगार दोनदा लुटला जाऊ शकतो. एकदा इथे, मालकाकडून. दुसऱ्यांदा तिकडे, तो पगार साठवून घर घ्यायला गेल्यावर. पहिल्या लुटीबद्दल आपण बोलायला शिकलोय. दुसरीबद्दल माणूस लाजेने गप्प बसतो.

मी साइटवर सुपरवायझर आहे. आपल्यापैकी प्रत्येकाला साइटचा एक नियम माहीत आहे. सळई बांधून झाली, कव्हर ब्लॉक लागले, शटरिंगचा ओळंबा बघितला, कन्सल्टंटच्या माणसाने सही केली, मगच काँक्रीटची गाडी आत येते. सही नसेल तर गाडी गेटवर उभी राहते, मग कितीही उशीर होवो. दुसऱ्याच्या इमारतीसाठी आपण इतके काटेकोर. आणि स्वतःच्या घराचे पैसे मात्र फोनवरचा एक फोटो आणि रूममेटचा शब्द यांवर पाठवतो.

आमच्याच साइटवरच्या एका डक्ट फॅब्रिकेटरचं उदाहरण देतो. माणगाव तालुक्यातला माणूस, अकरा वर्षं इथे. पनवेलच्या पुढे फ्लॅट, ६२० चौरस फूट, दर ४,५०० रुपये, किंमत २७ लाख ९० हजार. दाखवणारा त्याच्याच कॅम्पमधला ओळखीचा. ‘प्री-लाँच आहे, आत्ता भरलेस तर हा दर.’ तीन वेळा मिळून ९ लाख गेले. हातात काय? बिल्डरच्या लेटरहेडवरच्या तीन पावत्या. करारनामा नाही, नोंदणी नाही. दोन वर्षांनी तिथे जोत्याच्या वर काम नाही आणि फोनवर एकच उत्तर, ‘परवानगी प्रोसेसमध्ये आहे’.

आता कायदा काय सांगतो ते बघा. रेरा कायदा २०१६ चा, महाराष्ट्रात महारेराचं काम सुरू झालं २०१७ मध्ये. नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी झाल्याशिवाय बिल्डरला जाहिरात करता येत नाही आणि बुकिंगही घेता येत नाही. म्हणजे ‘प्री-लाँच’ हा शब्द ऐकला तिथेच थांबायचं. दुसरं, नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. या भावाच्या बाबतीत १० टक्के म्हणजे २ लाख ७९ हजार. करार नसताना त्याच्यावरचे ६ लाख २१ हजार घ्यायचा बिल्डरला अधिकारच नव्हता. तिसरं, विक्री कार्पेट क्षेत्रावर व्हायला हवी, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा. त्यात आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी, डक्ट धरत नाहीत. त्याचे ६२० फूट मोजले तर कार्पेट ४१० निघतं. म्हणजे खरा दर ४,५०० नाही, ६,८०० च्या वर. आपण टेप घेऊन फिरणारी माणसं, हे गणित आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. फक्त ते पैसे पाठवायच्या आधी करायला हवं.

नोंदणी नंबर आहे म्हणजे सगळं झालं असंही नाही. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींचं प्रकरण आठवा. पालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवली गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचे आदेश दिले. आत साधी नोकरदार माणसं राहत होती, कर्जाचे हप्ते भरत होती. म्हणून महारेराच्या साइटवर नंबर बघायचा आणि बांधकाम परवानगीचा नंबर पालिकेत किंवा नियोजन प्राधिकरणात जाऊन खरा आहे का तेही बघायचं. तुम्ही इथे आहात, म्हणून घरातल्या कुणाला तरी पाठवा. एक दिवसाचा खाडा पडेल, पडू दे.

छोट्या इमारतींत आणखी एक गोची आहे. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर रेरा नोंदणीची सक्ती नाही. तालुक्याच्या गावात बऱ्याच इमारती अशाच असतात. तिथे सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, मंजूर नकाशा हे वकिलाकडून तपासून घेण्याला पर्याय नाही. ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती ही कर भरल्याची पावती आहे, मालकीचा पुरावा नाही. नोटरीसमोर केलेला कागदही नोंदणीकृत करारनामा ठरत नाही. आणि गावाकडे ‘दोन गुंठे स्वस्तात’ घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा. नोकरीसाठी परदेशात राहणारा माणूस परकीय चलन कायद्याच्या भाषेत एनआरआय असतो. एनआरआय म्हणजे फक्त अमेरिकेतला सुटाबुटातला इंजिनिअर नव्हे, तर बंक बेडवर झोपणारे आपणही. एनआरआयला फ्लॅट घेता येतो, घर घेता येतं, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली शेती ठेवता येते, नवी खरेदी करता येत नाही. पैसेही बँकेतूनच, एनआरई किंवा एनआरओ खात्यातून किंवा इथून बँकेमार्फत थेट पाठवून द्यायचे. रोखीत दिलेल्या पैशाला तोंड नसतं.

यापेक्षा अवघड विषय घरातला आहे. पैसे आपण पाठवतो आणि घर होतं भावाच्या नावावर, कारण सही करायला तो तिथे होता. भाऊ वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. पण भाऊ उद्या वारला, त्याच्या मुलांत वाद झाले, त्याने कर्ज काढलं, तर तुमचा हक्क कुठे लिहिलाय? २०१६ मध्ये बेनामी कायदा बदलला. नवरा-बायको आणि मुलं यांच्या नावावर स्वतःच्या कायदेशीर कमाईतून घर घेतलं तर चालतं. भाऊ, बहीण, आई-वडील यांच्या बाबतीत मात्र कागदावर त्यांच्यासोबत तुमचंही नाव सहमालक म्हणून असायला हवं. एकट्या भावाच्या नावावर घेतलेलं घर ‘ते माझ्या पैशाचं आहे’ म्हणून मागायला गेलात तर कायदाच आडवा येतो. हे भावाला तोंडावर सांगायला जड जातं. पण दहा वर्षांनी कोर्टात सांगण्यापेक्षा आज सांगितलेलं बरं.

सही करायला आपण तिथे नसतो, त्यावर उपाय कुलमुखत्यारपत्राचा. ते इथल्या भारतीय दूतावासाकडून साक्षांकित करून घ्यायचं आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. सरसकट ‘सगळे अधिकार’ देऊ नका. कुठला फ्लॅट, कुठल्या सर्व्हे नंबरवरचा, करारावर सही करायची, नोंदणी करायची, ताबा घ्यायचा, इतकंच लिहा. विकायचा आणि गहाण ठेवायचा अधिकार देऊ नका.

आणि इथेच घराचा प्रश्न थेट कामगार हक्काला येऊन भिडतो. साक्षांकनाला मूळ पासपोर्ट लागतो. किती जणांचा पासपोर्ट आजही कंपनीच्या कपाटात आहे? यूएईचा कामगार कायदा सांगतो की मालकाने कामगाराची कागदपत्रं अडकवून ठेवायची नाहीत. तरीही पासपोर्ट मागायला गेलं की ‘कशाला पाहिजे, पळून जाणार का’ असं विचारलं जातं. म्हणजे इथे पासपोर्ट अडकला की तिकडे घर अडकलं.

हप्त्याचंही तसंच. गणित करून बघू. २० लाखांचं कर्ज, २० वर्षं, ९ टक्के व्याज, तर हप्ता साधारण १८ हजार. पगार १,८०० दिरहॅम आणि दर २३ रुपये धरला तर ४१ हजार ४०० रुपये. जेवण-फोनचे इथे ५०० दिरहॅम, म्हणजे साडेअकरा हजार गेले. हप्ता जाऊन घरी पाठवायला उरतात बारा हजारसुद्धा नाहीत, आणि ताबा मिळेपर्यंत तिकडे घरभाडं चालूच. आता पगार दोन महिने थकला तर? बँक थांबत नाही. दंड लागतो, सिबिल खराब होतं. कॉन्ट्रॅक्ट संपलं तर? १,८०० मधला बेसिक १,००० असेल तर ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या बेसिकची, म्हणजे ७०० दिरहॅम. पाच वर्षांचे ३,५०० दिरहॅम, रुपयांत ८० हजार ५००. म्हणजे पाच वर्षांच्या नोकरीची पुंजी ही साडेचार हप्ते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, सहा हप्त्यांची रक्कम बाजूला पडल्याशिवाय कर्जाच्या फॉर्मवर सही करू नये. आणि ऑफर लेटरवर बेसिक किती लिहिलाय हे भांडून बघावं. तो आकडा उद्या तुमच्या घराच्या कामी येणार आहे.

हे सगळं एकट्या कामगारावर सोडून चालणार नाही. म्हणून काही मागण्या.

दूतावासांनी साक्षांकनाचे कॅम्प सुट्टीच्या दिवशी लेबर कॅम्पच्या जवळ भरवावेत. दुबईच्या प्रवासी भारतीय साहाय्यता केंद्रात कायदेविषयक सल्ला मिळतो. त्यात घराचे कागद तपासून देण्याची सोयही हवी, मराठीत समजावून सांगणाऱ्या माणसासह.

महारेराकडे तक्रार ऑनलाइन करता येते. सुनावणीची वेळ ठरवताना तक्रारदार आखातात ड्युटीवर आहे हे लक्षात घ्यावं. मुंबईत अकरा वाजतात तेव्हा दुबईत साडेनऊ, आणि साडेनऊला आपला माणूस स्कॅफोल्डिंगवर असतो. इथे प्रॉपर्टी एक्झिबिशन भरवणाऱ्या बिल्डर आणि एजंटांच्या प्रत्येक पत्रकावर रेरा नंबर आहे का, हेही तपासलं जावं. नोंदणीकृत प्रकल्पातले फ्लॅट विकणाऱ्या एजंटलासुद्धा रेरा नोंदणी लागते.

शेवटची मागणी आपल्याकडूनच. कॅम्पमधला एखादा भाऊ प्रत्येक बुकिंगमागे कमिशन खातो, हे सगळ्यांना माहीत असतं, पण बोलत कुणी नाही. तालुक्याचा आहे, आजारपणात उपयोगी पडतो, कशाला वाईटपणा घ्या. अरे, ज्याच्या डब्यातलं जेवलात त्याचीच अकरा वर्षांची कमाई जाते आहे. वाईटपणा त्याने घेतलाय, विचारणाऱ्याने नाही. त्याला सरळ विचारा, तुझा एजंटचा रेरा नंबर सांग. नसेल तर त्याने फोटो पाठवणं बंद करावं, आणि ग्रुप अॅडमिनने तसा नियम लिहून टाकावा.

बाकी ज्यांचा बिल्डर ताबा द्यायला उशीर करतोय, त्यांनी गप्प बसू नका. कराराची तारीख उलटली तर पैसे व्याजासकट परत मागता येतात, किंवा घर ठेवून उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागता येतं. ताब्यानंतर पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तो फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. आणि भोगवटा प्रमाणपत्र बघितल्याशिवाय चावी घेऊ नका.

येत्या सुट्टीला आपल्या रूममध्ये एवढं करा. ज्यांनी बुकिंग केलंय त्यांना तीन गोष्टी विचारा. रेरा नंबर काय? करारनामा नोंदवला का, कुणाच्या नावावर? आतापर्यंत किती टक्के दिले? ज्याला तिन्ही उत्तरं देता येत नाहीत, त्याने पुढचा हप्ता पाठवायच्या आधी आम्हाला कागद पाठवावेत. आम्ही वकील नाही, पण कुठला कागद कमी आहे ते सांगू शकतो. तोवर काँक्रीटची गाडी गेटवर उभी राहू दे.