धागा : मुघल शिकारचित्रे कोणाची बाजू मांडतात?

१/ मुघल लघुचित्रांतील शिकारीची दृश्ये समाजमाध्यमांवर वारंवार फिरतात आणि त्यांवर बहुधा दोनच मथळे दिसतात : ‘बादशहाचे शौर्य’ किंवा ‘मुघलांचे निसर्गप्रेम’. दोन्हींत चूक एकच आहे. चित्र म्हणजे घडलेल्या प्रसंगाचा निर्व्याज आरसा, असे दोन्हीकडे गृहीत धरले जाते. वस्तुतः ही चित्रे दरबाराच्या चित्रशाळेत, दरबाराच्या खर्चाने, दरबाराची बाजू मांडण्यासाठी घडली.

२/ ही बाजू कोणती, हे अबुल फज़लने लपवलेले नाही. ‘आइन-ए-अकबरी’त तो म्हणतो की, वरवर पाहणाऱ्यास शिकार केवळ करमणूक वाटते, परंतु बादशहा त्या निमित्ताने पूर्वसूचना न देता मुलखात पोहोचतो आणि रयतेची व लष्कराची स्थिती पारखतो. शिकार हा राज्यकारभाराचाच भाग होता, याची ही दरबारी कबुलीच होय.

३/ १५६७ मध्ये लाहोरजवळ अकबराची ‘कमरगाह’ शिकार झाली. हजारो हाकाऱ्यांनी सुमारे महिनाभर जनावरे वेढ्यात रेटत आणली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील ‘अकबरनाम्या’त मिस्किनाने रचलेले या प्रसंगाचे जोडचित्र आहे. त्यात धावणाऱ्या हरणांसोबत मुंडण करून गाढवावर बसवलेला हमीद बक्करी दिसतो. दरबारातील एका सेवकावर बाण सोडल्याची ती शिक्षा. शौर्य किंवा निसर्गप्रेम या मथळ्यांखाली हा माणूस कोठे बसवायचा? बादशहाच्या वेढ्यातून जनावर सुटत नाही आणि अपराधीही सुटत नाही, हेच ते चित्र बजावते.

४/ १६१० चा बारी येथील प्रसंग पाहावा. सिंह अंगावर आला तेव्हा घाबरलेली माणसे आपल्या छातीवर पाय देऊन पळाली, असे जहांगीर स्वतः लिहितो. सिंहाच्या जबड्यात हात अडकलेले असताना झुंजला तो अनूपराय; त्याला ‘अनीराय सिंहदलन’ हा किताब मिळाला. राजपुत्र खुर्रमनेही तलवार चालवली होती. पुढे तोच शाहजहान झाला आणि त्याच्या ‘पादशाहनाम्या’तील चित्राचा नायक अर्थातच खुर्रम ठरला. प्रसंग तोच, पण चित्राचा मालक बदलला.

५/ जहांगीरचा हिशेब काटेकोर होता. राज्याच्या अकराव्या वर्षापर्यंत आपल्यासमोर २८,५३२ जनावरे मारली गेली, त्यांपैकी १७,१६७ स्वतः मारली, अशी नोंद तो करतो. त्याच आत्मचरित्रात नीलगाय बुजवल्याबद्दल एका मोतद्दाराला जागीच ठार करण्याचा आणि दोन कहारांच्या पायांच्या शिरा तोडून त्यांची गाढवावरून धिंड काढण्याचा हुकूमही आहे. जनावरांची मोजदाद एककापर्यंत आहे. या तिघांची मात्र नावेसुद्धा नाहीत.

६/ आता बुऱ्हाणपूर. निजामशाही आणि खानजहान लोदी यांच्याविरुद्धच्या मोहिमेसाठी शाहजहानची छावणी तेथे होती. विंडसरच्या राजसंग्रहातील ‘पादशाहनाम्या’त जुलै १६३० मधील तेथील सिंहांच्या शिकारीचे चित्र आहे. चित्र देखणे आहे, यात वाद नाही.

७/ परंतु त्याच ग्रंथात अब्दुल हमीद लाहोरी लिहितो की, बालाघाटात पाऊस पडला नव्हता आणि दौलताबादच्या आसपास अवर्षण विशेष तीव्र होते. पुढे दख्खन आणि गुजरात दोन्ही होरपळले. भाकरीसाठी जीव विकायला काढलेली माणसे, पिठात मिसळलेली हाडांची पूड, माणसाने माणूस खाणे : हे सारे दरबारी इतिहासकाराच्याच लेखणीतून उतरले आहे. तुकोबांचा संसार ज्यात उद्ध्वस्त झाला असे परंपरा सांगते, तो हाच दुष्काळ.

८/ यावर आक्षेप येतो : बादशहाने लंगरखाने उघडले, दर सोमवारी ५,००० रुपये वाटले, सारा माफ केला. हे खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. मात्र तेही लाहोरीच्या मजकुरातून कळते. विंडसरच्या प्रतीतील ४४ चित्रांत दरबार, वेढे, विवाह, मिरवणुका आणि शिकारी आहेत. दुष्काळाला एकही पान मिळालेले नाही. भुकेल्यांचे चित्र तर नाहीच, त्यांना अन्न देणाऱ्या बादशहाचेही नाही.

९/ दुसरा आक्षेप कालविपर्यासाचा : सतराव्या शतकाला आजचे निकष का लावावेत? येथे आजचा निकष लावलेलाच नाही. जहांगीर, अबुल फज़ल आणि लाहोरी हे तिघेही त्याच काळाचे, त्याच दरबाराचे. चित्राला प्रश्न विचारणारे साक्षीदार त्याच दरबारात बसलेले आहेत.

१०/ म्हणून शिकारचित्र पुढे पाठवण्यापूर्वी त्या वर्षाचा मजकूर काढून शेजारी ठेवावा. जुलै १६३० चे सिंह पाहताना त्याच वर्षीचे दौलताबादचे कोरडे शिवार डोळ्यांसमोर नसेल, तर शाहजहानच्या चित्रशाळेचे काम पावणेचारशे वर्षांनंतरही बिनबोभाट चालूच आहे, असे समजावे.