घोड्याच्या पायाला जेल लावता, पट्टी मात्र बांधू नका

गोव्यात हरमल, मांद्रे, मोरजीला किंवा आतल्या एखाद्या वाड्यावर सवारीचा घोडा बाळगणाऱ्यांना आणि त्याचं रोजचं करणाऱ्या मोतद्दारांना माझी कळकळीची विनंती आहे. मालिशचं जेल लावलेल्या पायावर पट्टी गुंडाळू नका. आणि दुखरा घोडा त्या जेलच्या भरवशावर कामाला जुंपू नका.

या जेलमध्ये बहुधा मेंथॉल आणि कापूर असतो. काहींत मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिनही असतं. मेंथॉलने गार वाटतं, कॅप्सेसिनने गरम. दमलेल्या घोड्याला त्याने बरं वाटतं, हे खरं. पण आत ताणलेली कंडरा त्याने सांधत नाही. घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतंच. हाड, कंडरा आणि वर पातळ कातडी. अंगावर माशी बसली तरी घोडा तेवढीच कातडी थरथरवतो, इतकी घोड्याची कातडी हळवी. पायाच्या पातळ कातडीवर जेल चोळून घट्ट पट्टी बांधली की औषध उडून जायला वाट राहत नाही, ऊब कोंडते आणि फोड येतात. आपल्या दमट हवेत, घामात आणि वाळूच्या कणांत हे लवकर होतं. खोगिराखाली आणि तंगाखालीही तोच धोका, म्हणून सवारीआधी तिथे जेल नकोच.

किनाऱ्यावरून परतलात की आधी गोड्या पाण्याने खार आणि वाळू धुऊन काढा. घोडा निवू द्या, अंग सुकू द्या. मग चारही पायांवरून हात फिरवा आणि एक पाय दुसऱ्याशी ताडून पाहा. एखादा पाय जास्त गरम लागला, सुजलेला दिसला किंवा दाबल्यावर घोड्याने झटकन ओढून घेतला, तर जेलची ट्यूब बाजूला ठेवा. त्या पायावर पंधरा-वीस मिनिटं गार पाण्याची धार सोडा, घोड्याला विश्रांती द्या आणि पशुवैद्याला बोलवा. डिसेंबरात गिऱ्हाईक दारात उभं असतं, हे मला कळतं. पण लंगडणारा घोडा त्या दिवशी बाहेर काढू नये, यात मला तडजोड दिसत नाही. जेलने दुखणं दबलं की तो त्याच पायावर पूर्ण भार टाकतो आणि थोडक्यात भरून येणारी दुखापत महिन्यांवर जाते.

नवीन जेल असेल तर आधी रुपयाएवढ्या जागेवर लावून एक दिवस थांबा. जखम, ओरखडा, डोळे, नाकपुड्या, तोंड आणि शेपटीखालची जागा यांच्या जवळपासही ते नेऊ नका. हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा. एका औषधावर दुसरं चोळू नका. घरातला माणसांचा बाम किंवा टर्पेंटाइन घोड्याला लावण्याची सवय कुणाला असेल, तर ती सोडा.

ट्यूबवरचे घटक वाचायला हवेत, स्पर्धेत उतरणाऱ्यांनी तर नक्कीच. 2008च्या बीजिंग ऑलिंपिकच्या घोडेस्वारी स्पर्धा हाँगकाँगला झाल्या होत्या. तिथे अडथळ्यांवरून उड्या घेणाऱ्या चार घोड्यांच्या तपासणीत कॅप्सेसिन सापडलं. त्यांत नॉर्वेच्या टोनी आंद्रे हॅन्सन यांचा कामिरो होता. नॉर्वेच्या संघाचं कांस्यपदक त्यामुळे गेलं आणि ते स्वित्झर्लंडला मिळालं. कॅप्सेसिन दुखणं दाबतं, शिवाय पायाची कातडी इतकी हुळहुळी करू शकतं की आडव्या दांड्याला पाय लागू नये म्हणून घोडा जास्त उंच उडी घेतो. म्हणूनच स्पर्धांत त्याच्यावर बंदी आहे.

जेल लावल्यावर घोडा पाय आपटू लागला, चावू लागला किंवा कातडी लाल होऊन वर आली, तर ताबडतोब सौम्य साबण आणि भरपूर पाण्याने धुवा. त्याला सावलीत बांधा. वर तेल-तूप काही चोपडू नका. उतार पडला नाही तर पशुवैद्याला बोलवा आणि ती ट्यूब त्यांना दाखवा.