लग्नापाशी संपणारी चरित्रे

अभिनेत्रीने राजकारण्याशी लग्न केले की तिचे चरित्र तिथेच आटोपते घ्यायचे, ही चरित्रटिपणांची जुनी खोड आहे. जपानी अभिनेत्री योको त्सुकासा यांच्याविषयी लिहिताना ती हटकून डोके वर काढते. तोहो स्टुडिओची तारका, ओझूच्या चित्रपटांतला चेहरा, मग खासदाराची पत्नी, आणि पूर्णविराम. हा पूर्णविराम आम्हांला मान्य नाही.

मुळात त्यात कालक्रमाचीच गफलत आहे. १९६९ मध्ये त्सुकासांचा हिदेयुकी आइझावा यांच्याशी विवाह झाला तेव्हा आइझावा अर्थमंत्रालयातील अधिकारी होते. कनिष्ठ सभागृहावर ते निवडून आले १९७६ मध्ये. त्सुकासा राजकारण्याच्या घरात गेल्या नाहीत. राजकारण सात वर्षांनी त्यांच्या घरात आले. शिवाय आइझावांचा मतदारसंघ तोत्तोरी, आणि त्सुकासांचे जन्मस्थानही तोत्तोरीच. तिथे कोण कोणाच्या नावाने ओळखले जात असेल, हा प्रश्न तरी विचारायला हवा होता. पडदाही त्यांनी सोडला नाही. कोन इचिकावा यांच्या ‘गोकुमोन्तो’ (१९७७) आणि ‘जोओबाची’ (१९७८) या चित्रपटांत त्या आहेत.

दुसरी खोड अधिक फसवी, कारण ती रसिकतेचा वेष घेऊन येते. नोबोरू नाकामुरा यांच्या ‘की नो कावा’ (१९६६) या चित्रपटात त्सुकासांनी हाना उभी केली. सावाको आरियोशी यांच्या कादंबरीतली ही हाना नदीच्या प्रवाहाबरोबर नावेतून सासरी येते, आणि तिच्या पाठबळावर नवरा गावच्या कारभारापासून संसदेपर्यंत पोचतो. दहा वर्षांनी अभिनेत्री स्वतःच खासदारपत्नी झाली, तेव्हा ‘भूमिकाच आयुष्यात उतरली’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण मग नववधूपासून वृद्धेपर्यंतचा प्रवास एकाच देहातून साकारण्याचे कष्ट कुठे गेले? अभिनय म्हणजे भविष्यकथन नव्हे. पुढच्याच वर्षी, मासाकी कोबायाशी यांच्या ‘जोइउची’त, त्सुकासांनी इची साकारली. सत्ताधीशाच्या मर्जीने एका घरातून दुसऱ्या घरात पाठवली जाणारी आणि अखेर प्राण देऊन नकार देणारी ही स्त्री. ती भूमिका आयुष्यात उतरल्याचे कोणी म्हणत नाही. सोयीची भूमिका तेवढी पुरावा ठरते.

आरियोशींनी मात्र नेमके उलट केले. चरित्रकार जिथे थांबतात तिथे, म्हणजे लग्नाच्या उंबरठ्यावर, त्यांची कादंबरी सुरू होते. राजकारण्याच्या पत्नीचे राबणे, माणसे राखणे, मौन पाळणे हाच त्यांचा विषय. त्याचा गौरव करून त्या मोकळ्या होत नाहीत. हानाची मुलगी फुमिओ त्याच जगण्याविरुद्ध बंड करते. त्यागाची पोथी किंवा भाग्याची गोष्ट, असे दोनच पर्याय उरत नाहीत ते यामुळे.

वाङ्मयाच्या वर्गात स्त्रीचरित्रे शिकवणाऱ्यांकडे आमची मागणी साधी आहे. ‘अमक्याची पत्नी’ हे शब्द आले की तिथे तारीख पाहावी, गाव पाहावे, आणि त्यापुढच्या वर्षांत त्या बाईंनी काय केले हे विचारावे. आरियोशी वाचलेल्या वाचकाला एवढी चौकशी जड जाऊ नये.